काठीला जमीन लागते

प्रति,
सांस्कृतिक समिती आणि सर्व सभासद,
आपलं मराठी मंडळ, जॉर्जिया

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीच्या कार्यक्रमाची रूपरेषा व्हॉट्सॲपवर आली. सातव्या क्रमांकावर, लावणी आणि जेवणाची सुट्टी यांच्या मध्ये, बारा मिनिटांचा एक आयटम आहे: ‘रिंग शाउट: आफ्रिकन आरोळ्या, सोबत आपले ढोल-ताशे’. किनाऱ्याकडचा एखादा गट बोलवायचा, मानधन ‘नॉमिनल’, वर जेवण. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्या नात्याची आठवण म्हणून हे करावं, असंही खाली लिहिलंय. ज्याला ही आठवण झाली त्याचं मला कौतुकच आहे. (ती अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना आहे. सर्वांत जास्त झटले ते खुद्द गुलामगिरीत होते, एवढं मी पदरचं घालते.)

तरीही हा आयटम आहे तसा होऊ नये, म्हणून हे पत्र. समितीपुरतं लिहिलं असतं, पण पत्राचा दुसरा अर्धा भाग आपल्या सगळ्यांच्याच खिशाशी संबंधित आहे, म्हणून सगळ्यांना.

आधी त्या आरोळ्यांचं. इथे शाउट म्हणजे ओरडणं नव्हे. शाउट म्हणजे इथल्या काळ्या लोकांच्या उपासनेत गाण्याबरोबर रिंगण धरून, पाय जमिनीला घासत फिरणं. लोरेंझो डाउ टर्नर या भाषाअभ्यासकाने तो शब्द प्रदक्षिणेच्या अर्थाच्या एका अरबी शब्दाशी जोडला होता. ते सगळ्यांना पटलेलं नाही, पण क्रिया प्रदक्षिणेचीच आहे, फक्त दिशा आपल्या उलट. पाय फार उचलायचा नाही आणि एका पायावरून दुसरा ओलांडायचा तर मुळीच नाही. ओलांडला की तो नाच झाला, आणि देवाच्या घरी नाच चालत नाही. आपली पाउली पाहिली असती तर शाउट करणाऱ्या बायकांनी काय म्हटलं असतं, असं मला कधी कधी वाटतं.

मॅकिन्टॉश काउंटीत युलोनियाजवळ बोल्डन म्हणून वस्ती आहे, जुनी माणसं तिला ब्रायर पॅच म्हणतात. तिथे हा शाउट पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गाणं उचलणारा तो साँगस्टर. त्याच्यामागे झील धरणारे आणि टाळ्या देणारे ते बेसर. रिंगणात फिरणाऱ्या, बहुतेक बायकाच, त्या शाउटर. आणि एक जण खुर्चीवर बसून झाडूचा दांडा लाकडी जमिनीवर आपटत असतो, तो स्टिकमन.

झाडूचा दांडा का? १७३९ साली चार्ल्सटनजवळ स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनाने कायदा करून गुलामांच्या ढोलांवर आणि शिंगांवर बंदी घातली. ढोल गेला, ठेका गेला नाही. तो तळहातात उतरला, टाचांत उतरला, काठीत उतरला. आता त्या एका काठीशेजारी आपण चाळीस ढोल आणि दहा ताशे उभे करणार आहोत. आणि आपण ठरवलेल्या सभागृहात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. काठी आपटली तर उशी झटकल्यासारखा आवाज येईल.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगते, असं कुणी विचारेल. अधिकार काही नाही. सव्हानाच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं काम करते. तिथल्या एका वडीलधाऱ्या सहकारिणीने मला एकदा रविवारी तिच्या माहेरच्या चर्चमध्ये नेलं. महामार्ग सोडून पाइनच्या जंगलातून मातीचा रस्ता, पांढऱ्या रंगाची लाकडी इमारत, मागे कबरी. अकराची उपासना; आम्ही साडेदहाला पोचलो, कारण ती म्हणाली, ‘खरं ते आधी असतं.’

आधी असतं त्याला ते डिव्होशन म्हणतात. पास्टर अजून आलेला नव्हता. पियानो बंद होता. पुढे दोन साध्या खुर्च्या मांडलेल्या. सत्तरीचा एक डीकन, म्हणजे चर्चच्या सेवेतला वडीलधारा सभासद, उठला आणि त्याने एक ओळ भरभर, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. मग सगळ्यांनी ती ओळ उचलली. उचलली म्हणजे काय सांगू? त्याने तीन सेकंदांत म्हटलेली ओळ त्यांनी अर्ध्या मिनिटाच्या वर चालवली. एकेका अक्षरावर पाच-पाच, सात-सात वळणं, आणि प्रत्येक जण त्या सुरावर आपापल्या वाटेने पोचत होता, कुणी आधी, कुणी मागून. माणसं वीस-बावीस होती, आवाज दीडशे जणांचा. दोन कडव्यांना पाच-सहा मिनिटं लागली. नंतर एका डीकनने खुर्चीला धरून गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. त्याच्या शब्दांखाली बाकीच्यांचं हुंकारणं चालूच होतं. त्या हुंकारण्याला ते मोनिंग म्हणतात. शब्दाला शब्द लावून ‘कण्हणं’ म्हटलं तर चुकेल. काकड्याला पहाटे चाल धरताना शब्द सुटतात आणि नुसता आ उरतो ना, त्याच्या जवळचं काही.

या गाण्याला लायनिंग आउट किंवा हिम (म्हणजे उपासनेचं पद) ‘रेझ’ करणं, उचलणं म्हणतात, आणि पदांना सरसकट डॉक्टर वॉट्स. आयझॅक वॉट्स हा इंग्लंडचा पाद्री. त्याचा पदसंग्रह १७०७ सालचा, स्तोत्रांचं पुस्तक १७१९ चं. पण इथे दुसऱ्या कुणी लिहिलेलं पदही डॉक्टर वॉट्सच. आपल्याकडे शेवटी ‘तुका म्हणे’ आलं की कोण लिहून गेलं ते कोण बघतो! ओळ सांगून म्हणवून घेण्याची पद्धतही मुळात आफ्रिकेची नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असं करावं, अशी सूचना इंग्लंडात वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने १६४४ सालीच दिली होती. न्यू इंग्लंडच्या शहरी गोऱ्यांनी पुढे ती गावंढळ म्हणून टाकून दिली. केंटकीच्या डोंगरांत बॅप्टिस्ट पंथाच्या काही गोऱ्यांनी ठेवली, स्कॉटलंडच्या लुईस बेटावर गेलिक भाषेत ठेवली, आणि दक्षिणेतल्या काळ्या चर्चनी ती नुसती ठेवली नाही, तिच्यात आपला प्राण घातला. त्यांना ती सोडून चालणारच नव्हतं. जॉर्जियाने १८२९ साली आणि दक्षिण कॅरोलायनाने १८३४ साली गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा ठरवला होता. अक्षर कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, याचा हिशेब आपल्यालाही काही नवा नाही.

मला सर्वांत गंमत वाटली ती छंदाची. त्यांच्या पदांचे मोजके साचे आहेत. कॉमन मीटर म्हणजे ओळीओळीने आठ, सहा, आठ, सहा अक्षरं. लाँग मीटर म्हणजे चारही ओळी आठ-आठ. पद कुठल्या साच्यातलं ते कळलं की त्या साच्याची कुठलीही चाल त्याला बसते. आपला मोठा अभंग सहा, सहा, सहा, चार. एक चाल आली की शंभर अभंग गळ्यात आले. पोथी न लागणाऱ्या माणसांचं शास्त्र आहे हे, दोन्हीकडे.

त्या दिवशी माझी फजितीही झाली, तीही सांगते. डिव्होशननंतर जलद गाणं सुरू झालं, मीही उत्साहाने टाळी धरली. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने मागे वळून पाहिलं. मग पुन्हा वळून पाहिलं. मी समेवर टाळी देत होते आणि सबंध चर्चची टाळी समेनंतर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत होती. शेवटी तिने माझी दोन्ही मनगटं धरली, एक मात्रा थांबवली आणि सोडली. वारकऱ्याच्या घरात जन्मले, वडील विणेकरी, आणि चाळिसाव्या वर्षी मला टाळी शिकवावी लागली.

कुणी म्हणेल, मग हे गाणं स्टेजवर आणायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. म्हणणारी मी कोण? बोल्डनच्याच मंडळींनी १९८० पासून मॅकिन्टॉश काउंटी शाउटर्स या नावाने जाहीर कार्यक्रम केले आणि १९९३ साली त्यांना देशाची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. त्याच्याही आधी, १८७१ साली, नॅशव्हिलच्या, काळ्यांसाठी काढलेल्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी गायक, ज्युबिली सिंगर्स, संस्थेच्या रिकाम्या तिजोरीसाठी गात निघाले. फुल्यांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी ते इंग्लंडात राणी व्हिक्टोरियासमोर गायले. पण त्यांच्यातल्या एला शेपर्डने लिहून ठेवलंय की सुरुवातीला ही गाणी चारचौघांत म्हणायला त्यांना नको वाटायचं. ती गुलामीच्या दिवसांची होती आणि आईवडिलांच्या उपासनेची होती. स्टेजसाठी त्यांनी ती नीट सुरावटीत बसवली, रिंगण आणि पायांचा ठेका मागे राहिला. त्या काळातल्या शिकल्यासवरलेल्या काळ्या पाद्र्यांनाही शाउटची लाज वाटायची. बिशप डॅनियल पेन तर लोकांना रिंगण मोडायला सांगत फिरला. गोंधळ-जागरणाला नाकं मुरडणारे आपल्याकडे कमी झाले का? रिंगण वाचलं ते गावात, आडबाजूला, जिथे बिशप पोचत नव्हते.

आणि आपल्या मुलांनी उन्हाळी शिबिरात शेकोटीभोवती म्हटलेलं ‘कुंबाया’ आठवतं ना? गोड, गुळगुळीत, अर्थ कुणाला माहीत नाही. त्याचं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १९२६ सालचं, मेणाच्या नळकांड्यावरचं, आपल्याच जॉर्जियात, डेरियन गावाच्या आसपास रॉबर्ट विन्सलो गॉर्डन या संग्राहकाने केलेलं आहे. गाणारा एच. वायली. शब्द साधे इंग्रजी, ‘कम बाय हिअर’: कुणाला तुझी गरज आहे, देवा, इकडे ये. म्हणजे तो धावा आहे. आपल्या द्रौपदीचा असतो तसा. शेकोटीपर्यंत येता येता त्यातली गरज गळून गेली.

आता तो दुसरा अर्धा भाग.

दिवाळीची रूपरेषा आली त्याच्या दोन आठवडे आधी याच ग्रुपवर किनाऱ्यावरच्या प्लॉटची लिंक फिरत होती. दलदलीच्या काठाला, समुद्र दिसतो, भाव अजून बेताचा, सुट्टीचं घर बांधून भाड्याने द्यायला उत्तम. तीस-पस्तीस अंगठे पडले होते. त्यातला एक माझाही होता, खोटं कशाला बोलू. नंतर पत्ता नीट पाहिला.

या किनाऱ्यावरच्या जमिनीचा सातबारा इथल्या गाण्यापासून वेगळा काढता येत नाही. १२ जानेवारी १८६५ ला, यादवी युद्ध संपायच्या आधी, उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने सव्हानात वीस काळ्या धर्मपुढाऱ्यांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने सदुसष्ट वर्षांचे बॅप्टिस्ट पाद्री गॅरिसन फ्रेझर बोलले. रोख पैसे मोजून त्यांनी आपली आणि बायकोची सुटका विकत घेतलेली होती. आम्हाला जमीन द्या, आम्ही ती आमच्या कष्टाने कसू, असं त्यांचं उत्तर होतं. चारच दिवसांनी फर्मान निघालं: चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतची बेटं आणि किनाऱ्याची पट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. वर्ष संपायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षाने, अँड्र्यू जॉन्सनने, ती जमीन जुन्या मालकांना परत केली. ज्यांनी पुढे पैपै जोडून विकत घेतली त्यांचीच काय ती राहिली. त्या जमिनीवर घरं झाली, घरांच्या मधे चर्च झालं. मॅकिन्टॉश काउंटीतल्याच सपेलो बेटावरच्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची मंडळी १८६६ ची आहे.

या जमिनींना एअर्स प्रॉपर्टी म्हणतात. आपल्याला समजावून सांगायला नको: आजोबा मृत्युपत्र न करता गेले, वारस नोंदी झाल्या नाहीत, सामाईक खातं, चाळीस हिस्सेदार, अर्धे डेट्रॉइटला नि अर्धे न्यूयॉर्कला. बिल्डर त्यातल्या एका दूरच्या पुतण्याला गाठतो, त्याचा हिस्सा घेतो आणि वाटपाचा दावा लावतो. कोर्टाने सबंध जमिनीचा लिलाव काढला की संपलं. जॉर्जियाने २०१२ साली आणि दक्षिण कॅरोलायनाने २०१६ साली अशा वारसांना थोडं संरक्षण देणारा कायदा केला, पण तोवर बरीच जमीन गेली होती. उरलेल्यांवर शेजारच्या बंगल्यांमुळे चढलेला कर येतो. सपेलोवर हॉग हमॉक नावाची जी शेवटची वस्ती उरलीय, तिथे घराची मर्यादा १,४०० चौरस फूट होती. काउंटीने सप्टेंबर २०२३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ती ३,००० केली. वस्तीतले लोक कोर्टात गेले. तीन हजार फुटांची घरं कुणासाठी? तिथल्या म्हाताऱ्यांसाठी नक्कीच नाही.

दक्षिण कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर आपण सगळेच जाऊन आलोय. १९५६ साली पूल झाला आणि बेट बदललं. फाटकाच्या आतल्या वसाहतींना नाव दिलं तेही ‘प्लांटेशन’, म्हणजे गुलाम राबायचे तो मळा. आज तिथल्या जुन्या कुटुंबांना स्वतःच्या आजीच्या कबरीवर फुलं वाहायला जायचं तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगावं लागतं. त्याच काउंटीत, शेजारच्या सेंट हेलेना बेटावर १९९९ पासून नियम आहे: फाटकबंद वसाहत नाही, गोल्फ कोर्स नाही. म्हणून तिथे जुनी तीन प्रेझ हाउस अजून उभी आहेत. प्रेझ हाउस म्हणजे प्रार्थनेची एका खोलीची झोपडी, आपल्या घरांच्या दिवाणखान्याएवढीही नसेल. मळेवाल्यांना गुलामांची मोठी बैठक नको असायची, म्हणून लहान. बाकं बाजूला सरकवली की मधे लाकडी जमीन मोकळी, शाउटला तेवढी पुरते.

तेव्हा गाणं आम्हाला आवडतं, बोलवू या, आणि प्लॉटही बघून ठेवू या, हे दोन्ही एकाच ग्रुपवर चालणार असेल तर निदान बोलून तरी चालू दे. कुणी कुठे पैसे घालावेत हे ठरवायचा हक्क मला नाही. वारसांच्या वादातली जमीन मंडळाच्या ग्रुपवर फिरवू नये, एवढा नियम करा, अशी विनंती मात्र करते.

फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन आणि स्यू बेली थर्मन हे काळे अमेरिकन पतिपत्नी बार्डोलीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी आधी प्रश्नांची झोड उठवली: गुलामी कशी होती, मत देता येतं का, जमावाने ठेचून मारणं अजून चालतं का, शाळा कशा आहेत. थर्मननी नंतर लिहिलं की इतकी कसून विचारपूस त्यांची कुणीच केली नव्हती. निघायच्या वेळी गांधीजींनी गाणं मागितलं, ख्रिस्ताच्या क्रुसाचं एक जुनं स्पिरिच्युअल (गुलामीच्या दिवसांतलं भक्तिगीत), आणि पाहुण्यांनी ते म्हटलं. ना माइक, ना स्टेज.

आपल्याला तेवढं जमणार नाही, पण क्रम तरी तोच ठेवू. बारा मिनिटं काढून टाका. बोलवायचंच असेल तर पुढच्या वर्षी, स्वतंत्र संध्याकाळी, मुंबईच्या गायकाला देतो तेवढंच मानधन देऊन, ढोल-ताशाशिवाय. काय म्हणायचं, किती वेळ म्हणायचं, हे त्यांनी ठरवायचं. झील धरायला आपण शिकायचं, नुसतं बघत बसायचं नाही, कारण उत्तर देणारं कुणी नसेल तर साँगस्टर एकटा पडतो. आणि त्याआधी आपण तिकडे जायचं.

त्यासाठी तारीख ठरलेली आहे. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री काळी माणसं चर्चमध्ये, झोपड्यांत, जंगलात जागत बसली होती, कारण उजाडल्यावर लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेला वॉच नाइट म्हणतात; नाव त्याहून जुनं, पण काळ्या चर्चमध्ये त्याला हा अर्थ तेव्हापासून आला. बोल्डनचा शाउटही त्याच रात्रीचा. माझ्या सहकारिणीच्या चर्चमध्ये रिंगण नसतं, पण रात्री दहापासून डॉक्टर वॉट्स असतात. हिम उचलणारे तिथे आता दोनच डीकन उरलेत. तरुणांना कीबोर्ड आणि ड्रम लागतो, त्यांना मी नावं ठेवत नाही, आमच्या गावच्या भजनी मंडळातही आता कॅशिओ आहे. मी तिला विचारलं, आमची चार माणसं आणू का? ती म्हणाली, ‘बसायला येणार असाल तर आणा, बघायला येणार असाल तर नको.’

तुमच्याकडून साडेचार तासांचा रस्ता आहे. माझ्या गाडीत सहा जागा आहेत, सव्हानात माझ्या घरी मुक्काम करता येईल. साधे, नीटनेटके कपडे घाला, मागच्या बाकावर बसायचंय. आणि टाळी समेवर देऊ नका.

कळावे,
आपली,
सव्हानाची एक वर्गणीदार सभासद

ता. क. पुढच्या वर्षासाठी सभागृहाच्या व्यवस्थापकाला फोन केला होता. कार्पेट निघत नाही. मागच्या जिमखान्यात लाकडी जमीन आहे, पण काठी आपटू देणार नाहीत म्हणे, पॉलिश जातं. कार्पेटवर ओकचे जाड तक्ते अंथरून घ्यायची परवानगी मिळाली आहे. सुतार मी बघते, खर्चाचं काय ते समितीने कळवावं.